तांबे सरांचे पाठीमागचे हात

अर्णव, गेल्या रविवारी तू माझ्यावर रुसलास. माझ्या कॉम्प्युटरवरची अक्षरं एकाएकी मोठी झाली होती आणि ती लहान कशी करायची, एवढंच मी तुला विचारलं होतं. तू म्हणालास, "आजी, तू काहीच करू नकोस. मी एक प्रोग्रॅम पाठवतो, तो घे आणि 'अलाव' दाब. मग मी इथे टोरांटोत बसून तुझा कॉम्प्युटर चालवतो. तू नुसती बघ." मी नको म्हणाले. तू विचारलंस, "तुझा माझ्यावर विश्वास नाही का?" मी घाईघाईने काहीतरी उत्तर दिलं आणि ते तुला पटलं नाही. सई मागून म्हणाली, "जाऊ दे रे, आजीला आवडत नाही."

आवडीचा प्रश्न नाही, सई. तुम्हा दोघांना ते नीट सांगायचं, तर मला तांबे सरांबद्दल लिहायला हवं. ते जाऊन आता दीड-दोन वर्षं होतील. हे मराठीत लिहिते आहे, कारण सर माझ्याशी मराठीतच बोलले. वाचायला वेळ लागेल, लागू दे. एखादा शब्द अडला तर आईला विचारा, पण कागद तिच्या हातात देऊन "तूच वाचून दाखव" म्हणू नका.

आजोबा होते तोवर घरातला कॉम्प्युटर त्यांचा होता. मी आयुष्यभर फोर्टमधल्या एका कंपनीत साहेबांची सेक्रेटरी होते, टाइपरायटरवर माझी बोटं न बघता चालत. पण विजेचं बिल, बँक, तुमचे फोटो हे सगळं आजोबा करायचे आणि मी त्यांच्या खुर्चीमागे उभी राहून "हं, छान" म्हणायचे. ते गेल्यावर मी त्या यंत्रावर एक भरतकामाचं कापड घातलं. कापड फार सुंदर दिसत होतं. तुमच्या आईने फोनवर विचारलं, "आई, मुलांचे फोटो पाहिलेस का?" तेव्हा मला कबूल करावं लागलं की ते कुठे असतात हेच मला ठाऊक नाही.

दादरला, आपल्या घरापासून चालत दहा मिनिटांवर, एका जुन्या वाचनालयाच्या पहिल्या मजल्यावर दर शनिवारी दुपारी निवृत्त माणसांचं एक संगणक मंडळ भरायचं. खाली दारावर पाटी होती, पण 'मंडळ' एवढाच शब्द ठळक आणि बाकीची अक्षरं पुसट झालेली. त्यामुळे भाद्रपदाच्या सुमारास हमखास कोणीतरी जिना चढून यायचं आणि विचारायचं, "तुमची मूर्ती किती फुटांची?" तेव्हा सर शांतपणे सांगायचे, "आमच्याकडे मूर्ती बऱ्याच आहेत. उंची साधारण पाच फूट. विसर्जनाची घाई नाही."

पहिल्या दिवशी मी गेले तेव्हा खोलीत शाळेसारखा गलका होता. पंधरा-वीस पांढऱ्या डोक्यांची माणसं आपापल्या पडद्यासमोर बसून मोठ्याने वाचत होती. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट घातलेले एक सडसडीत गृहस्थ त्यांच्या मधून फिरत होते. दोन्ही हात पाठीमागे, एका हाताने दुसऱ्याचं मनगट घट्ट धरलेलं. शर्टाच्या खिशात पेन आणि त्याच्या शेजारी एक खडू. खोलीत फळा नव्हता. पुढे मी त्यांना त्या खडूबद्दल विचारलं, तर म्हणाले, "म्युनिसिपालिटीच्या शाळेत जन्म गेला. खिसा रिकामा लागला की अंगावर शर्ट नाही असं वाटतं."

त्यांनी मला एका यंत्रासमोर बसवलं आणि विचारलं, "काय दिसतंय?"

मी म्हणाले, "काही नाही."

"काही नाही असं काही नसतं, बाई. वाचा."

मी वाचलं. पडद्यावर एक चौकोन उघडला होता, त्यात इंग्रजीत दोन ओळी आणि खाली दोन बटणं होती. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, कंपनीचे करार टाइप केलेली बाई. त्या दोन ओळींत न कळण्यासारखं काहीही नव्हतं. मी त्या कधी वाचल्याच नव्हत्या, कारण चौकोन उघडला की आजोबांना हाक मारायची, ही माझी पद्धत. मी वाचून त्यांच्याकडे पाहिलं. कुठलं बटण दाबायचं हे ते सांगतील, असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, "विचारलंय तुम्हाला. मला नाही."

मी एक बटण दाबलं. चौकोन गेला. 

सरांची पद्धत एवढीच होती. मोठ्याने वाचायचं, मग दाबायचं. आणि नियम एकच: दुसऱ्याच्या माऊसला हात लावायचा नाही. कोणी कितीही अडलं, रडलं, वैतागलं, तरी शेजाऱ्याने हात मागे बांधून तोंडाने सांगायचं. सर स्वतः पडद्याकडे बोटसुद्धा दाखवत नसत. "वर जा. अजून वर. उजवीकडे कात्रीचं चित्र आहे, त्याच्या शेजारी." त्यात माणसं कात्रीपासून कुठेकुठे भटकून यायची. सर उभे. मागे बांधलेल्या हातांची बोटं तेवढी हलत, कारण रस्ता त्यांना दिसत असायचा.

चूक झाली की ते खूश होत. "आयुष्यात मागे घ्यायची सोय नाही. इथे आहे. वापरा." आणि कोणी "सर, बिघडलं" म्हणून ओरडलं, तर, "बिघडू दे. तुम्ही बिघडवलंत ना? मग ठीक आहे."

सभा सुरू व्हायची तीही त्यांच्या रीतीने. प्रत्येकाने उभं राहून सांगायचं की या आठवड्यात मी एकट्याने काय केलं. कोणी विजेचं बिल भरलेलं असायचं, कोणी नातवाला फोटो पाठवलेला. काहीच केलं नसेल तर "काही नाही" म्हणून खाली बसायचं, त्याची लाज नव्हती. टाळ्या कोणालाच नाहीत. मग अडचणी, मग एक धडा, मग खालच्या हॉटेलातला चहा आणि खारी. मी पहिल्या दोन शनिवारी "काही नाही" म्हणाले. तिसऱ्या शनिवारी म्हणाले, "कापड काढलं." सर म्हणाले, "कशावरचं?" आणि मी सांगितल्यावर मान हलवून पुढच्याकडे वळले. तो माझा पहिला गुण.

मंडळातल्या दोघांबद्दल सांगायला हवं. एक राणेकाकू. लालबागला राहायच्या, मूळच्या मालवणच्या. यजमान परळच्या वर्कशॉपमध्ये होते, ते वारल्यावर त्यांचं पेन्शन काकूंना मिळायचं. दुसरे कर्णिक, निवृत्त इंजिनिअर, पूल बांधणारे. मनाने फार चांगले, पण दुसऱ्याचं चुकत असलेलं त्यांना बघवत नसे. त्यांचा हात आपोआप पुढे जायचा. सर लांबूनच म्हणायचे, "कर्णिक, पूल पडत नाहीये."

राणेकाकूंनी मोठ्याने वाचायचा नियम इतका मनावर घेतला की पहिल्यांदा पासवर्ड घालताना तोही त्यांनी खणखणीत आवाजात, एकेक अक्षर उच्चारून घातला. बांगडा, आणि पुढे चाळीतल्या खोलीचा नंबर. सगळ्या खोलीने ऐकला. सरांनी घाईने सांगितलं, "राणेबाई, हे मनात. हे एवढं मनात."

"मग मोठ्यान काय वाचू?"

"पडद्यावर जे दिसतंय ते."

काकूंनी चष्मा सावरला, पडद्याकडे पाहिलं आणि आज्ञाधारकपणे वाचायला लागल्या, "टिंब. टिंब. टिंब. टिंब."

सरांना मी मोठ्याने हसताना पाहिलं ते त्या दिवशी. खडू खिशातून पडला.

सकाळी सकाळी फोनवर फुलांची चित्रं पाठवणाऱ्यांवर मात्र त्यांचा राग. मंडळाच्या ग्रुपवर राणेकाकू रोज गुलाब पाठवायच्या. एके दिवशी सरांचं उत्तर आलं: "फुले मिळाली. पाठवणाऱ्याने स्वतः काढली असल्यास अभिनंदन. नसल्यास कृपया परत घ्यावीत." आम्हाला वाटलं काकू दुखावल्या. दोन दिवस शांतता. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या ओट्यावरच्या ताज्या सुरमईचा फोटो आला, डोळा चमकणारा, आणि खाली काकूंनी स्वतः टाइप केलेलं 'सुप्रभात'. सरांनी एकच शब्द लिहिला, "अभिनंदन." त्यानंतर वर्षभर आमचा दिवस माशांनी उगवायचा. मंडळातल्या मिस्त्रीबाई शाकाहारी होत्या, त्यांनीही तक्रार केली नाही.

आता त्या नोव्हेंबरबद्दल. इथे पेन्शन घेणाऱ्या माणसाला दर नोव्हेंबरात आपण जिवंत आहोत हे सिद्ध करावं लागतं. त्याला हयातीचा दाखला म्हणतात. पूर्वी बँकेत जाऊन रांगेत उभं राहायचं. आता एक काडेपेटीएवढं यंत्र मिळतं, ते कॉम्प्युटरला जोडायचं, आपली माहिती भरायची, शेवटी त्या यंत्राच्या काचेवर अंगठा ठेवायचा. आत लाल दिवा लागतो, अंगठा जुळला की तुम्ही आहात. मंडळाने तसं एक यंत्र घेतलं आणि आमची मोठी सोय झाली.

राणेकाकूंचा अंगठा जुळेना. जन्मभर मासे साफ केलेले, भांडी घासलेली, हातावरच्या रेषा झिजून गेलेल्या. काचेवर अंगठा ठेवला की पडद्यावर लाल अक्षरं. पुसून ठेवला, थोडं तेल लावून ठेवला. पुन्हा लाल.

"माझो अंगठो ह्या मशीनीक पटना नाय," काकू म्हणाल्या. "म्हणता, मी नाय."

आम्ही हसलो, त्याही हसल्या, पण त्यांचा चेहरा पडत चालला होता. मागे माणसं थांबलेली. तेव्हा कर्णिक पुढे झाले. "अहो, दाब कमी पडतोय," असं म्हणत त्यांनी काकूंचा अंगठा आपल्या मुठीत धरला आणि काचेवर दाबला. चांगल्या मनाने. काकू म्हणत होत्या, "थांबा ओ, माका वाचूक होया—"

"सोडा."

सरांचा आवाज चढलेला नव्हता. पण असा आवाज आम्ही ऐकला नव्हता.

"अहो, मी फक्त—"

"त्यांचा अंगठा सोडा, कर्णिक."

कर्णिकांनी हात काढला.  सर खिडकीपाशी गेले आणि पाठ करून उभे राहिले, हात मागे. मनगट इतकं घट्ट धरलेलं की बोटांची पेरं पांढरी झाली होती. मग काकूंनी आपणच पडद्यावरची सगळी वाक्यं वाचली, दुसऱ्या हाताचा अंगठा ठेवून पाहिला आणि तो जुळला. त्या म्हणाल्या, "आसंय हो मी." कोणी हसलं नाही.

चहाच्या वेळी कर्णिक सरांजवळ जाऊन बसले. मी पलीकडेच होते. ते म्हणाले, "तांबे, माझं चुकलं. पण एवढं काय झालं ते मला कळलेलं नाही. कळलं तर बरं वाटेल."

सर खारीचा तुकडा चहात बुडवून धरून बसले. तो विरघळून पडला.

"माझे वडील गिरणीत होते," ते म्हणाले. "सही येत नव्हती, अंगठा करायचे. एकदा ऑफिसात बोलावलं म्हणून मला बरोबर घेऊन गेले. मी तिसरीत. मला वाचता येतं याचा त्यांना फार अभिमान. म्हणाले, काय लिवलंय ते तू सांग मला. कारकुनाने कागद टेबलावर ठेवला, त्याच्या बाजूने सुलटा, माझ्या बाजूने उलटा. मी उलटा वाचायला लागलो. अक्षर जुळवून जुळवून. कारकून घाईत होता. वाईट माणूस नव्हता, घाईत होता. वडील म्हणत होते, साहेब, पोराला जरा वाचू द्या. तोवर त्याने त्यांचा अंगठा धरला, शाईवर दाबला, कागदावर दाबला. झालं."

"काय होतं कागदात?" कर्णिकांनी विचारलं.

"की मी माझ्या मर्जीने कायम नोकरी सोडून बदलीवर येतो आहे. म्हणजे रोज सकाळी फाटकावर उभं राहायचं, कोणी गैरहजर असेल तर आत." सरांनी चहात पडलेल्या खारीकडे पाहिलं. "पहिल्या ओळीत 'माझ्या मर्जीने' असं होतं. मी 'माझ्या'पर्यंत पोचलो होतो."

कर्णिकांनी आपली बशी बाजूला सारली. 

"घरी आल्यावर आईने विचारलं, अंगठा दिलात कशाला? तर म्हणाले, मी कुठे दिला? हात माझा होता, पण त्याच्या हातात होता." सरांनी कप खाली ठेवला. "पुढे शाळेत मी कधी पोराचा हात धरून अक्षर गिरवून घेतलं नाही. हेडमास्तर रागवायचे. माझी पोरं अक्षर उशिरा काढायची. पण काढायची ती त्यांची."

मग उठून त्यांनी धडा सुरू केला. त्या दिवसाचा धडा होता फोटो कापून लहान करणे.

पुढच्या उन्हाळ्यात सरांना झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. ग्रुपवर निरोप येऊ लागले, "बाबांची तब्येत सुधारत आहे, सर्वांच्या शुभेच्छांबद्दल आभार," आणि खाली हात जोडल्याचं चित्र. सरांच्या फोनवरून आलेले, पण ते त्यांचे नाहीत हे कोणालाही कळलं असतं. सरांनी जन्मात ते चित्र पाठवलं नसतं.

मी आणि राणेकाकू त्यांना बघायला नायगावच्या चाळीत गेलो. एकच खोली, लख्ख. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली पुस्तकांचं कपाट, खिडकीजवळ खुर्चीत सर. पत्नी पूर्वीच गेलेली. मुलगी सुजाता पनवेलला राहायची. ऑफिसातून रजा घेऊन ती आली होती आणि मायेने सगळं करत होती. चमच्याने पेज भरवत होती, तोंड पुसत होती, ते काही बोलायला लागले की वाक्य पुरं करत होती. "बाबांना म्हणायचंय की पंखा नको. हो ना, बाबा?" सर बोलायचे थांबत.

मध्येच त्यांचा फोन वाजून बंद झाला. कोणाचा होता हे बघायला सुजाताने तो उचलला, फोन अंगठ्याने उघडत होता, म्हणून तिने सहज सरांचा मांडीवर पडलेला उजवा हात उचलला, अंगठा धरला आणि फोनवर दाबला. सरांनी तिच्याकडे पाहिलं नाही. आमच्याकडे पाहिलं.

राणेकाकूंनी माझा हात दाबला. मग म्हणाल्या, "सुजाता, बाये, तेंका करूंदे गो."

"काकू, त्यांना होत नाही."

"डावो हात आसा मा?"

सुजाताचे डोळे भरून आले. "मला पण कळतं, काकू. पण त्यांना शर्टाचं एक बटण लावायला अख्खी सकाळ जाते. मला ऑफिस आहे, घर आहे. दिवाळी झाली की मी त्यांना पनवेलला नेतेय. नोव्हेंबरातला दाखला तेवढा राहिलाय, त्याला बँकेतून माणूस घरी येतो. अंगठा घेतला की झालं."

सर बोलायला लागले. पहिला शब्द यायलाच वेळ लागला. सुजाता पुढे झाली, "बाबांना म्हणायचंय—" तेव्हा त्यांनी डावा हात वर केला. ती थांबली. आम्ही थांबलो. शेजारच्या खोलीत कुकरच्या शिट्ट्या होत होत्या.

"अंगठा," ते म्हणाले. मग बऱ्याच वेळाने, "मी. देईन. मंडळात."

"बाबा, जिना आहे तिथे."

"शनिवारी," सर म्हणाले.

नोव्हेंबरातल्या त्या शनिवारी आम्ही सगळे वेळेआधीच जमलो. टॅक्सी आली. कर्णिकांनी वाचनालयातून हातांची खुर्ची आणून ठेवली होती, "चौघे धरून वर नेऊ, दोन मिनिटांचं काम." सरांनी खुर्चीकडे पाहिलं, कर्णिकांकडे पाहिलं. कर्णिक स्वतःच म्हणाले, "बरं. राहिलं."

त्या जिन्याला एकाच बाजूला कठडा आहे, चढताना डाव्या हाताला. सरांनी डावा हात कठड्यावर ठेवला, डावा पाय वर टाकला, उजवा ओढून घेतला. सुजाता मागे, हात पुढे करून. आम्ही वर दाराशी उभे. बुशशर्टाची बटणं वरखाली लागलेली होती. एक भोक मोकळं राहिलं होतं आणि गळ्यापाशी एक बटण जास्त. सुजाताने ती तशीच राहू दिली होती. खिशात खडू होता.

ते यंत्रासमोर बसले. माऊस उजवीकडे होता, त्यांनी डाव्या हाताने तो फिरवून डावीकडे आणला. बाण पडद्यावर वेड्यासारखा धावू लागला. कर्णिकांचा हात पुढे गेला, अर्ध्यात थांबला आणि मागे गेला. त्यांनी दुसऱ्या हाताने आपलं मनगट धरलं. मग मी पाहिलं, आम्ही सगळेच तसे उभे होतो.

राणेकाकू त्यांच्या खुर्चीच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. हात मागे. "सर," त्या म्हणाल्या, "काय दिसता?"

सरांनी वाचायला सुरुवात केली. एकेक शब्द घशातून ओढून काढल्यासारखा येत होता. काही शब्द अर्धेच यायचे, मग ते मागे जाऊन पुन्हा सुरू करायचे. नाव. पेन्शनचा नंबर. एका आकड्यावर बोट घसरलं, सगळं पुसलं गेलं. सुजाता माझ्या शेजारी उभी होती. ती कुजबुजली, "मावशी, मी एवढं एकच भरून देऊ?" मी तिच्याकडे नुसतं पाहिलं. तिने ओढणीचं टोक मुठीत धरलं आणि दोन्ही हात मागे नेले.

शेवटी ते छापील कबुलीचं वाक्य आलं, जे तोवर आम्ही सगळ्यांनी घडाघडा वाचून टाकलेलं होतं. वरील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी असून मी ती माझ्या मर्जीने देत आहे, अशा अर्थाचं. सर तिथपर्यंत आले. 'माझ्या' म्हणाले आणि थांबले. आम्हाला वाटलं शब्द सापडत नाहीये. काकूंनीही सांगितला नाही. खालच्या रस्त्यावर भाजीवाल्याची हाक येऊन गेली, चहाचा पोऱ्या किटली ठेवून गेला.

"मर्जीने," सर म्हणाले.

मग उरलेलं वाक्य वाचलं, पूर्णविरामापर्यंत. मग डावा अंगठा काचेवर ठेवला. लाल अक्षरं आली. त्यांनी अंगठा शर्टावर पुसला आणि पुन्हा ठेवला. पुन्हा लाल. तिसऱ्यांदा त्यांनी तो ठेवला आणि नुसता राहू दिला, दाबला नाही. यंत्राने घेतला.

त्या यंत्राला शाई नसते. तरी सरांनी अंगठा उचलून उजेडात धरून पाहिला, दोन्ही बाजूंनी, आणि मग खिशातला रुमाल काढून मांडीवर ठेवला आणि त्यावर तो नीट पुसला.

चहा झाला. रिवाजाप्रमाणे प्रत्येकाने काय केलं ते सांगायचं होतं, ते त्या दिवशी मागाहून झालं. सरांची पाळी आली तेव्हा ते म्हणाले, "काही नाही." आणि डोळ्यांनी हसले.

उतरताना अडचण आली. चढताना डावीकडे असलेला कठडा उतरताना उजवीकडे येतो, आणि उजवा हात तर निकामी. सुजाता म्हणाली, "बाबा, माझा खांदा धरा." कर्णिक म्हणाले, "आता तरी खुर्ची." सर जिन्याच्या तोंडाशी उभे राहून विचार करत होते. गणिताच्या मास्तरासारखे. मग ते सावकाश वळले, जिन्याकडे पाठ केली, डाव्या हाताने कठडा धरला आणि उलटे उतरायला लागले. सुजाता दोन पायऱ्या खाली, त्यांच्या पाठीशी. त्यांचं तोंड आमच्याकडे. आम्ही सगळे वर, दारात दाटीवाटीने उभे.

त्याच आठवड्यात ते पनवेलला गेले आणि पुढे तिथेच वारले. ते मला शेवटचे दिसले ते असे, जाताना आमच्याकडे बघत असलेले.

चार-पाच पायऱ्या उतरल्यावर ते दम घ्यायला थांबले. तेव्हा राणेकाकूंनी वरून विचारलं, "सर, काय दिसता?"

त्यांनी आमच्या रांगेवरून नजर फिरवली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, वर्गावरून फिरवावी तशी. कर्णिकांवर ती जरा जास्त थांबली.

"हात," सर म्हणाले. मग एक श्वास घेऊन, "कोणाचेच. दिसत नाहीत."

आणि पायाने मागची पायरी चाचपून ते एक पायरी खाली गेले.